गीता १७.१५ : ‘काही कळलं का?’ हा प्रश्न आणि वाणीचं तप



रोजच्या चिंतनात दोन आठवड्यांचा खंड पडला, त्याबद्दल आधी क्षमा. कारण पुढे येईलच. आपला सतरावा अध्याय चालू आहे. चौदाव्या श्लोकात शरीराचं तप पाहिलं. आज पंधरावा श्लोक, वाणीचं तप.

आधी अर्थ समजून घेऊ. भगवंत म्हणतात की बोलण्याचं तप करायचं तर बोलण्यात चार गोष्टी हव्यात. ऐकणाऱ्याच्या मनाला त्याने उद्वेग होऊ नये. ते खरं असावं. ते प्रिय असावं. आणि ते हिताचं असावं. याला जोडून पाचवी गोष्ट येते, स्वाध्यायाचा सराव. ही यादी ‘यातलं एखादं निवडा’ अशी नाही. चारही गुण एकाच वाक्यात, एकाच वेळी हवेत. आपल्या भाषेत सांगायचं तर ‘ऑर’ नाही, ‘अँड’ कंडिशन आहे. खरं आहे पण टोचतंय, तर नापास. गोड आहे पण खोटं आहे, तरी नापास.

हा श्लोक मी कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. मी शिव्या देत नाही, कोणावर ओरडत नाही, मीटिंगमध्येसुद्धा आवाज चढवत नाही. त्यामुळे या विषयात आपण काठावर का होईना, पास आहोत अशी माझी समजूत होती. या मार्चमध्ये ती उतरली.

आमच्या घरातली वाट

आम्ही सात वर्षांपूर्वी पुण्याहून न्यू जर्सीला आलो. नोकरी माझी होती. बायको पुण्यात शाळेत शिकवायची, ती सोडून आली. डिपेंडंट व्हिसावर तिला काम करता येत नव्हतं, शिकता येत होतं. मग लेक झाला.

तो दोन वर्षांचा झाला तरी बोलेना. पाच-सहा शब्द, तेही रोज नाहीत. बालरोगतज्ज्ञांनी ‘अर्ली इंटरव्हेन्शन’कडे पाठवलं. अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ही सोय केंद्रीय कायद्यानेच ठेवलेली आहे. तपासणी होते, आणि गरज असेल तर थेरपिस्ट बहुतेक वेळा घरीच येते. आमच्याकडे एक मध्यमवयीन बाई येऊ लागल्या. ओळखीच्या दोघातिघांनी सांगितलं होतं की घरात मराठी बंद करा, पोराचा गोंधळ होतोय. त्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, अजिबात बंद करू नका. दोन भाषांमुळे मुलाचं बोलणं अडत नाही. त्याचे शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे.

तिसऱ्या की चौथ्या भेटीत त्यांनी साबणाच्या फुग्यांची बाटली काढली. एकदा फुगे उडवले, मग बाटलीचं झाकण लावलं आणि लेकाकडे बघत शांत बसल्या. तो बाटलीकडे बघतोय, त्यांच्याकडे बघतोय. दोन सेकंद झाले, तीन झाले. मला राहवेना. मी म्हणालो, ‘फुगे पाहिजेत? फुगे म्हण, फुगे!’ बाईंनी माझ्याकडे न बघता हात वर केला. थांब. नंतर त्यांनी समजावलं की तुम्ही त्याच्या वाट्याचा शब्द बोलून टाकलात, आता त्याने कशाला बोलायचं? मनात दहा आकडे मोजा. चेहऱ्यावर अपेक्षा ठेवा, तोंडातून शब्द काढू नका. निरीक्षण, थांबणं आणि ऐकणं हा या थेरपीत पालकांना शिकवायचा पहिला धडा असतो.

पुढच्या वेळी मी आकडे मोजले. सातवर असताना लेक म्हणाला, ‘फू.’ बाईंनी विचारलं, हा तुमच्या भाषेतला शब्द आहे का? मी मान डोलावली. त्यांनी वहीत तो शब्द लिहून घेतला आणि फुगे उडवले. मी बायकोकडे पाहिलं, ती रडत होती.

त्या रात्री ती म्हणाली, ‘मला हे शिकायचंय.’

एवढं थांबावं का लागतं?

स्पीच थेरपिस्ट व्हायला अमेरिकेत मास्टर्स लागतं. तेही थेट करता येत नाही. आधीची पदवी दुसऱ्या विषयातली असेल तर पायाभूत विषय पुन्हा करावे लागतात. जीवशास्त्र, संख्याशास्त्र, भौतिक किंवा रसायनशास्त्र, समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र. शिवाय या शाखेचे विषय असतात. ध्वनिशास्त्र, बोलण्याच्या आणि ऐकण्याच्या अवयवांची रचना, मुलं भाषा कशी शिकतात ते, श्रवणशास्त्र. हिने ते सगळं दोन वर्षांत केलं. लेक झोपला की रात्री दहा ते एक. मराठी माध्यमात शिकलेली, पस्तिशीला आलेली बाई वीस वर्षांच्या मुलींबरोबर ऑनलाइन परीक्षा देत होती आणि त्यांच्यापेक्षा जास्त मार्क घेत होती.

या शाखेचे बरेचसे अर्ज सीएसडीकॅस नावाच्या एका सामायिक पोर्टलवरून जातात. भारतातल्या पदवीचं मूल्यांकन, शिफारसपत्रं, स्वतःबद्दलचा निबंध हे सगळं जमवून जानेवारीच्या मध्यापर्यंत सहा ठिकाणी अर्ज गेले. उत्तरं फेब्रुवारीच्या अखेरीपासून यायला लागतात आणि एप्रिलभर येत राहतात.

जागा इतक्या कमी का, असं मी वैतागून विचारलं होतं. तिनेच समजावलं. इथे वर्गात बाकं वाढवून भागत नाही. अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनच्या प्रमाणपत्रासाठी विद्यार्थ्याचे ४०० तास क्लिनिकमध्ये झालेले असावे लागतात. त्यातले २५ निरीक्षणाचे आणि ३७५ प्रत्यक्ष पेशंटबरोबरचे. आणि प्रत्येक पेशंटबरोबर विद्यार्थी जेवढा वेळ काम करतो, त्यातला किमान पाव वेळ प्रमाणित थेरपिस्टची थेट देखरेख हवी. म्हणजे जेवढे शिकवणारे हात आणि जेवढे क्लिनिक, तेवढ्याच जागा. बऱ्याच ठिकाणी तीस-चाळीस जणांची तुकडी असते आणि अर्ज शेकड्यांनी येतात. मास्टर्सनंतर प्रॅक्सिस नावाची परीक्षा, मग किमान ३६ आठवड्यांची आणि १,२६० तासांची फेलोशिप, आणि मग प्रमाणपत्र. त्या संघटनेचं संक्षिप्त नाव ‘आशा’ आहे. अमेरिकन लोकांना त्यातली गंमत कळत नाही. आमच्या घरात मात्र सगळ्यांची आशा तिथेच अडकली होती.

‘आलं का काही?’

साताऱ्याहून आईचा रोज व्हिडिओ कॉल. ‘पोरी, आलं का गं काही?’ बायकोच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर रोज, ‘एनी न्यूज?’ आणि घरात मी. ऑफिसमधून दुपारी एकदा मेसेज, संध्याकाळी बूट काढता काढता एकदा, झोपताना एकदा. ‘काही कळलं का?’

हा प्रश्न मला प्रेमाचा वाटत होता. वाईट बोलणं म्हणजे शिवी, टोमणा, निंदा असं आपण धरून चालतो. पण श्लोकातला पहिला गुण कसा सांगितलाय बघा. शब्द चांगला आहे की वाईट असं तिथे विचारलेलंच नाही. समोरच्या मनात उद्वेग होतो का, एवढंच विचारलंय. म्हणजे माझ्या बोलण्याचं मोजमाप माझ्या हेतूवर होत नाही, ते ऐकणाऱ्याच्या मनात होतं. तिला उत्तर आलं असतं तर तिने सांगितलंच असतं. ‘काही कळलं का?’ याला तिच्याकडे ‘नाही’ सोडून दुसरं काहीच म्हणण्यासारखं नव्हतं. दिवसातून तीन वेळा मी तिच्याकडून ‘नाही’ वदवून घेत होतो. माझी अस्वस्थता कमी करायला तिची वाढवत होतो.

पण मी एवढ्यावर थांबलो नाही. मी इंजिनिअर आहे.

अर्ज भरताना कागदपत्रं मीच अपलोड केली होती, त्यामुळे पासवर्ड मला माहीत होते. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी तिला न सांगता एक छोटा स्क्रिप्ट लिहिला. दर पंधरा मिनिटांनी तो सहाही विद्यापीठांच्या पोर्टलवर लॉगिन करायचा, आणि स्टेटस बदललं की माझ्या फोनवर अलर्ट. मला त्याचा अभिमानसुद्धा वाटला. म्हटलं, तिला सारखं रिफ्रेश करायला नको, मी लक्ष ठेवतोय.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री पावणेदोनला फोन थरथरला. तिच्या पहिल्या पसंतीच्या विद्यापीठाचा नकार होता. ती शेजारी झोपली होती.

सकाळी ती चहा करत म्हणाली, ‘मला वाटतंय आज-उद्या तिथलं कळेल.’ आणि मी म्हणालो, ‘होईल गं. तिथलं तर नक्की होईल.’

त्या दिवशी येताना इंडियन स्टोअरमधून आम्रखंडाचा डबा आणला. जेवण झाल्यावर तिने मेल उघडला. वाचला. मग फ्रिजकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पाडवा अजून लांब होता, कोणाचा वाढदिवस नव्हता.

‘तुला माहीत होतं.’

मी स्क्रिप्टचं सगळं सांगितलं. ती रागावली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, ‘नकार सोसेन रे मी. पण सकाळी तू “नक्की होईल” म्हणालास, तेव्हा तुला माहीत होतं. ते कसं सोसू?’ आणि थोड्या वेळाने, भांडी घासता घासता, पाठमोरीच म्हणाली, ‘पोरासाठी दहा आकडे मोजायला शिकलास. माझ्यासाठी पण मोज की.’

श्लोकाकडे परत

त्या रात्री मी पंधरावा श्लोक पुन्हा काढला. माझं एक वाक्य त्यावर लावून पाहिलं. ‘नक्की होईल.’ प्रिय होतं का? हो. खरं होतं का? नाही, आणि मला ते माहीत होतं. हिताचं होतं का? मला वाटलं होतं, हो. पण ज्या बोलण्याने माझ्या पुढच्या प्रत्येक धीराच्या शब्दावरचा तिचा विश्वास उडाला, ते हिताचं कसं? पुढे दुसऱ्या विद्यापीठाबद्दल मी ‘होईल’ म्हणालो, तर ती माझा चेहरा तपासणारच. बोलणं गोड असलं तरी ते खोटं असेल, तर पुढची खरी वाक्यंसुद्धा खराब होतात.

मग मनात आलं की सकाळी मी गप्प बसलो असतो तर? मौन तर तपच आहे ना? इथे मला या प्रकरणातली एक गोष्ट नव्याने दिसली, आणि आजच्या चिंतनात तुम्हाला तीच मुख्य सांगायची आहे. मौन पंधराव्या श्लोकात नाही. वाणीच्या तपाच्या यादीत ते येतच नाही. ते येतं पुढच्या, सोळाव्या श्लोकात, मनाच्या तपामध्ये. मनाची प्रसन्नता, सौम्यपणा, स्वतःवरचा ताबा, भावाची शुद्धी यांच्या रांगेत मौन बसलंय.

म्हणजे तोंड बंद ठेवलं की मौन झालं असं गीता म्हणत नाही. मन गप्प झालं पाहिजे. मी त्या दिवशी ऑफिसमधून एकही मेसेज केला नाही, ‘काही कळलं का?’ विचारलं नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, किती संयम! आत मात्र हिशोब चालू होते. तिला कधी कळेल, कळल्यावर काय म्हणायचं, आम्रखंड आणावं की श्रीखंड. माझं तोंड बंद होतं, पण मौन नव्हतं. मी लपवत होतो.

आणि ती थेरपिस्ट बाई? ती फुग्यांची बाटली घेऊन बसायची तेव्हा तिचं मौन खरं होतं. तिच्या मनात ‘बोल लवकर’ नव्हतं, ‘नाही बोलला तर’ नव्हतं. ती पूर्ण त्या पोराकडे होती. लेकाला ते कळायचं, म्हणून तो तिच्यासमोर बोलायचा. माझ्या गप्प बसण्यात घाई आहे हेही त्याला कळायचं, म्हणून माझ्यासमोर तो नुसता हात दाखवायचा.

ज्ञानेश्वर माऊलींनी याच श्लोकावर परिसाचा दृष्टांत दिलाय. परीस लोखंडाचं सोनं करतो, पण लोखंडाला न तोडता, त्याचं वजन न घटवता. बोलणं असं असावं की समोरच्याचं काही न हिरावता त्याचं भलं व्हावं. मी तिच्याकडून काय हिरावलं होतं? तिचा मेल पहिल्यांदा तिने उघडायचा हक्क. दोन वर्षं रात्री जागून तिने कमावलेली ती एक घडी होती, मग आत नकार का असेना. ती मी पावणेदोनला अंधारात उघडून टाकली होती. लेकाच्या वाट्याचा शब्द बोलून टाकला होता, अगदी तसाच.

फळाची इच्छा कोणाची?

सतरावा श्लोक म्हणतो की ही तिन्ही तपं फळाची इच्छा न ठेवता, श्रद्धेने केली तर ती सात्त्विक. हे वाक्य आपण इतरांना फार पटकन ऐकवतो. मीही ऐकवलं होतं. ‘तू तुझं कर्म केलंस ना, आता फळाचा विचार सोड.’ तिने एकदा शांतपणे विचारलं, ‘माझ्या पोर्टलवर दर पंधरा मिनिटांनी कोण जात होतं?’

उत्तर नव्हतं. तिला फळाची इच्छा होती आणि ती तिची स्वाभाविक होती. सात वर्षांनी स्वतःच्या नावाचं ओळखपत्र गळ्यात घालावं असं तिला वाटत होतं. माझी इच्छा मात्र वेगळी होती, ती मी स्वतःपासूनही लपवली होती. माझ्यामुळे तिची नोकरी सुटली, ही सल मला सात वर्षं आहे. तिला प्रवेश मिळाला की माझी त्यातून सुटका होणार होती. मी तिचा निकाल बघत नव्हतो, माझाच निकाल बघत होतो. हे तिला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘हे आधी सांगितलं असतंस तर बरं झालं असतं.’ माझ्या मते त्या महिन्यातलं माझं पहिलं वाक्य ते होतं, जे चारही चाळण्यांतून गेलं.

निष्कामता हा स्वतःला द्यायचा सल्ला आहे. दुसऱ्याच्या जखमेवर लावायचं ते औषध नाही. वाट पाहणाऱ्याला ‘अपेक्षा ठेवू नकोस’ म्हणण्यापेक्षा आपली अपेक्षा तपासावी.

पंढरीचा थांबलेला देव

तुकोबा-ज्ञानोबांच्या लेकरांना वाट पाहण्याची गोष्ट वेगळी सांगायला नको. पुंडलिक आई-वडिलांची सेवा करत होता. देव दारात आला. पुंडलिकाने वीट पुढे केली आणि सांगितलं, हातातलं काम होईपर्यंत यावर थांब. देव थांबला. कमरेवर हात ठेवून अजून थांबलाय.

लहानपणापासून ही गोष्ट मी पुंडलिकाच्या मातृपितृभक्तीची म्हणून ऐकली. या महिन्यात ती मला देवाची म्हणून ऐकू आली. त्याने आत डोकावून ‘झालं का?’ विचारलं नाही. पुंडलिकाच्या हातातलं काम स्वतः उरकून टाकलं नाही, त्याला काय अशक्य होतं? तो कंटाळून निघूनही गेला नाही. पुंडलिकाला त्याचा वेळ दिला आणि डोळ्यांसमोर उभा राहिला. आपण पंढरीला जातो आणि ज्याच्या पायांवर डोकं ठेवतो, ती वाट पाहणाऱ्याचीच मूर्ती आहे.

मराठीत आपण ‘वाट पाहतो’. बसल्या जागी रस्त्याकडे बघतो. वारकरी काय करतो? तोही वाट पाहतो, पण ती वाट चालत चालत पाहतो. तोंडात नाम, पायाखाली रस्ता. इथे श्लोकातली पाचवी गोष्ट कामाला येते, स्वाध्याय. वाट पाहण्याच्या काळात वाणीला काहीतरी चांगलं काम द्यावं, नाहीतर ती ‘काही कळलं का?’ म्हणतच राहते.

मी स्क्रिप्ट डिलीट केला, पासवर्ड तिला बदलायला लावले. आईला फोनवर सांगितलं, ‘आई, कळलं की ती स्वतः तुला पहिला फोन करेल, तोवर विचारू नकोस.’ आई म्हणाली, ‘मग बोलू काय तिच्याशी?’ म्हटलं, ‘ती काय शिकते ते विचार.’ दुसऱ्या दिवशीपासून सासू-सुनेचा वेगळाच वर्ग सुरू झाला. ‘चार’ मधला च आणि ‘चाक’ मधला च वेगळा, अक्षर मात्र एकच, हे आईला साठ वर्षांत पहिल्यांदा कळलं. आता ती भाजीवालीशी बोलतानाही च तपासते. बायको रोज रात्री आईची दहा वाक्यं ध्वनिलिपीत उतरवते. आणि मी झोपण्याआधी ‘काही कळलं का?’ च्या जागी एक अध्याय वाचतो. मोठ्याने, कारण लेकाला आवडतं. तो आता पाच वर्षांचा आहे, आणि आम्हाला मध्ये बोलू देत नाही.

आजची स्थिती

आज ११ एप्रिल. सहापैकी चार नकार. एका ठिकाणी वेटलिस्ट. एक अजून गप्प. बऱ्याच विद्यापीठांत प्रवेश मिळालेल्यांनी होकार-नकार कळवायची तारीख १५ एप्रिल असते. ज्यांना तीन-चार ठिकाणी प्रवेश मिळालाय ते बाकीच्या जागा सोडतात आणि वेटलिस्ट हलते. हलेलच असं नाही. मी ‘नक्की होईल’ म्हणणार नाही, तुम्हालाही नाही आणि तिलाही नाही. काल ती म्हणाली, ‘नाहीच झालं तर पुढच्या वर्षी पुन्हा भरेन. झेपेल ना रे आपल्याला?’ मी मनात आकडे मोजले. मग म्हणालो, ‘फी भरणं थोडं जड जाईल. पण झेपेल. मी आहे.’ हे मात्र मला नक्की माहीत होतं.

आजचा सराव

तुमच्याही घरात कोणीतरी वाट पाहत असेल. निकालाची, व्हिसाची, रिपोर्टची, ऑफर लेटरची, किंवा ज्याचं नाव घेता येत नाही अशा कशाचीतरी. आज एवढंच करून बघा.

१. त्यांना ‘काही कळलं का?’ विचारण्याआधी दहा आकडे मोजा. प्रश्न कोणाची अस्वस्थता कमी करणार आहे, तुमची की त्यांची, ते बघा.

२. धीर देताना जे तुम्हाला माहीत आहे तेवढंच बोला. ‘होईल’ हे तुम्हाला माहीत नाही. ‘मी आहे’ हे माहीत आहे.

३. गप्प राहायचं ठरवलंत तर एकदा आत डोकावा. मन गप्प आहे की काही लपवतंय?

४. रोज पंधरा मिनिटं स्वाध्याय. पोथी असो, पाठ्यपुस्तक असो. वाणीला मोकळं सोडू नका.

आणि जे स्वतः वाट पाहतायत त्यांच्यासाठी, विठुराया, एक मागणं. निकाल काय लागेल ते तुझं तुला ठाऊक. पण तो येईपर्यंत त्यांच्या शेजारी उभं राहणारं कोणीतरी दे, जे त्यांच्या वाट्याचा शब्द बोलून टाकणार नाही. आणि ते कोणीतरी होण्याची बुद्धी मला दे.

उद्या सोळावा श्लोक, मनाचं तप. मौनाबद्दल अजून बोलायचं आहे.

राम कृष्ण हरी.